रसात भेंडी, भुलीत फेंटानिल

पत्र:

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही करवीर तालुक्यातले. घरची ऊसशेती आणि गुऱ्हाळ आहे. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या. उजव्या गुडघ्याची वाटी बदलायचं ठरलंय, कोल्हापुरातच, पुढच्या महिन्यात. भूलतज्ज्ञ म्हणाले, कमरेतून भूल देऊ आणि त्यात थोडं फेंटानिल घालू. पुतण्या बंगळूरला नोकरीला असतो, त्यानं फोनवर सांगितलं की अमेरिकेत याच औषधानं माणसं मरतात. तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही. भुलीच्या औषधात अशी भेसळ कशाला? एकच चांगलं औषध नाही का? नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंची पिशवी काढली, तेव्हा ऑपरेशन चालू असताना त्यांना काही कळलं नाही, पण त्या रात्री त्यांनी सगळा वॉर्ड जागवला. आता म्हणतात, ‘पुन्यांदा त्यो जाच नगं.’ त्यापेक्षा पूर्ण भूल बरी का? पाठीत सुई घेतली की कंबर कायमची धरते असंही शेजारी सांगतात.

ता. क. त्यांना साखर आणि बीपी आहे, दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. रात्री झोपेची अर्धी गोळी घेतात, ती डॉक्टरांना सांगितली नाही, तिचा काय संबंध. तशा झोपतात छान. घोरतात तर इतक्या की मध्येच श्वास बंद होतो आणि दचकून परत चालू होतो, नातवंडं हसतात.

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या घरची झोप फेंटानिलनं उडवलीय, माझं लक्ष मात्र ता. क.मध्ये अडकलं. त्या अर्ध्या गोळीकडे आणि नातवंडांच्या हसण्याकडे येतेच. आधी ‘भेसळ’ हा शब्द निकालात काढू.

तुमच्या घरी गुऱ्हाळ आहे, त्यामुळे माझं काम सोपं झालं. काहिलीत रस तापला की गुळव्या भेंडीचं चिकट पाणी सोडतो, मळी वर येते, ती काढली की रस निवळतो. याला आजवर कुणी भेसळ म्हटलं नाही. गुळात साखर ढकलून विकतात, ती भेसळ. भेंडी किती घालायची आणि कधी, हे गुळव्याला कळतं. जास्त झाली तर गूळ बिघडतो, हेही त्यालाच कळतं. भुलीच्या मुख्य औषधात आम्ही जे दुसरं काही घालतो ते भेंडीच्या जातीचं. पुस्तकात त्याला ॲडज्युव्हंट म्हणतात. थिएटरात आम्ही एकमेकांना नुसतं विचारतो, ‘आज काय घातलंस?’

आणि हे काही कालपरवाचं खूळ नाही. दाढ काढताना हिरडीत जे इंजेक्शन देतात, त्यात बऱ्याचदा लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधासोबत ॲड्रेनालिन असतं. हे डोकं हाइनरिश ब्राउन या जर्मन सर्जनचं, १९०३ सालचं. त्याच्या वेळी बधिरतेसाठी कोकेन वापरत, त्यात त्यानं ॲड्रेनालिन घातलं. ॲड्रेनालिननं तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध रक्तातून वाहून जात नाही, जागेवर टिकतं. त्यामुळे बधिरपणा जास्त वेळ राहतो आणि औषध अंगात भिनण्याचा धोकाही कमी होतो. तुमच्या घरातल्या निम्म्या लोकांनी ही ‘भेसळ’ दातांच्या दवाखान्यात आधीच घेतलेली असणार.

आता सासूबाईंच्या कमरेचं. तिथे मुख्य औषध बहुधा बुपिव्हाकेन असतं. ते नसांमधून जाणारा सगळाच निरोप अडवतं. वेदना जातात, पण पाय हलवण्याची ताकदही जाते, आणि रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या बारीक नसाही झोपतात. त्या झोपल्या की बीपी घसरतं. तरुण माणसाला सलाईन आणि एखादं इंजेक्शन दिलं की सावरतं. ६८ वर्षांच्या, बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या बाईत मला ते जास्त घसरायला नको असतं. ‘एकच चांगलं औषध’ वापरायचं तर त्याचाच डोस चढवावा लागतो, आणि डोस चढला की बीपीची घसरणही वाढते.

फेंटानिलची जागा वेगळी आहे. मज्जारज्जूत जिथे पायाकडून आलेला दुखण्याचा निरोप मेंदूकडे पुढे पाठवला जातो, तिथे ते बसतं आणि तो निरोप दाबतं. पायाच्या ताकदीला ते फारसा हात लावत नाही, बीपीलाही नाही. म्हणून ते सोबत असलं की बुपिव्हाकेन थोडं कमी घालून भागतं. गुडघ्याच्या ऑपरेशनला मांडीवर हवेचा पट्टा आवळतात. तासाभरानं त्या पट्ट्याचीच एक खोल कळ सुरू होते, तीही याच्यानं बरीच सुसह्य होते.

‘घालतात’ म्हणजे किती, ते सांगते. पाच मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये बुपिव्हाकेन अडीच ते तीन मिलिलिटर भरतात. त्यात द्राक्षशर्करा मुळातच असते, ती असल्यामुळे औषध मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड होतं आणि खाली बसतं. (सासूबाईंच्या डायबिटीसची काळजी नको, ही साखर पाव ग्रॅमसुद्धा भरत नाही.) मग सिस्टर कुलपातल्या कपाटातून फेंटानिलचं बोटाच्या पेराएवढं काचेचं ॲम्प्यूल काढते, रजिस्टरमध्ये नोंद करते. त्यात दोन मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्यातलं २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिलिटर, इन्सुलिनसारख्या बारीक सिरिंजनं मोजून घेतात. साधारण आठ थेंब. उरलेलं दोघांच्या देखत फेकतात आणि तेही रजिस्टरमध्ये लिहितात. हे औषध १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं, त्यामुळे थेंबाथेंबाचा हिशेब द्यावा लागतो. एखादं ॲम्प्यूल ताळ्यात बसलं नाही म्हणून रात्री अकरापर्यंत आम्ही सगळे कचऱ्याच्या पिशव्या धुंडाळत बसलो होतो, तो प्रसंग अजून आठवतो. काच टेबलाच्या चाकाखाली निघाली.

पुतण्याला रागावू नका, त्यानं ऐकलेलं खोटं नाही. फेंटानिल १९६० साली बेल्जियमच्या पाउल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. मॉर्फिनच्या साधारण शंभरपट जोरदार, म्हणून तर ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. अमेरिकेत माणसं मरतात ती चोरून बनवलेल्या पावडरीनं. तिच्यात काय किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि घेणारा बऱ्याचदा बंद खोलीत एकटा असतो. हे औषध जास्त झालं की श्वास मंदावतो, मग थांबतो. थिएटरात सासूबाईंच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप असेल, उशाशी भूलतज्ज्ञ उभा असेल आणि हाताशी उतारा म्हणून नालोक्झोन असेल. मणक्यातल्या आठ थेंबांनी बहुतेक वेळा फार तर अंगाला, नाकाला खाज सुटते. ती बऱ्याच जणांना सुटते. घाबरू नका, ॲलर्जी समजून गोंधळही घालू नका, सिस्टरला सांगा.

इथवर मी तुमच्या डॉक्टरांची बाजू घेतली. आता एक गोष्ट सांगते, ती त्यांनी तुम्हाला सांगितली की नाही मला माहीत नाही. सासूबाईंची भीती ऑपरेशनची नाहीच, रात्रीची आहे. आणि फेंटानिलनं रात्र निघत नाही. बुपिव्हाकेनचा असर ऑपरेशननंतर दोन-तीन तासांत ओसरायला लागतो, फेंटानिल त्यावर आणखी थोडे तास देतं. सकाळी दहाला ऑपरेशन झालं तर संध्याकाळपर्यंत दोघांचाही हिशेब संपलेला असतो.

मणक्यातली भूल पहिल्यांदा दिली ऑगस्ट बीअर या जर्मन सर्जननं, १८९८ साली, कील गावात. स्वतःवर करून बघायचं म्हणून त्यानं आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट यानं एकमेकांना सुया टोचल्या. हिल्डेब्रांटच्या पायावर त्यानं लोखंडी हातोडी मारून पाहिली, चटके दिले, चिमटे काढले. गडी ढिम्म. पुढे असर उतरला आणि हिल्डेब्रांटच्या नडग्या काळ्यानिळ्या होऊन ठणकू लागल्या. बीअर स्वतः डोकेदुखीनं कित्येक दिवस अंथरुणावर. हा किस्सा विद्यार्थ्यांना सांगितला की ते हातोडीला हसतात. मी त्यांना विचारते, रात्री नडग्या ठणकल्या त्याचं काय? नऊ वर्षांपूर्वी तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं. भूल चांगली लागली आणि उतरलीही वेळेवर. ती उतरेल तेव्हा काय करायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं.

तेव्हा भूलतज्ज्ञांना ‘काय मिसळता’ हे विचारून झालंच आहे, आता विचारा, ‘रात्री दहा वाजता काय?’

उत्तर असं काहीसं असायला हवं. गुडघ्यासाठी मांडीच्या आतल्या बाजूला सोनोग्राफीत बघून एका नसेपाशी बधिरतेचं इंजेक्शन देता येतं. त्यानं गुडघ्याचं दुखणं कमी होतं आणि मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी, उभं करता येतं. सर्जन स्वतःही टाके घालण्यापूर्वी सांध्याभोवती औषध सोडतात. त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल घड्याळ लावून द्यायचं, दुखेपर्यंत मागायची वाट बघायची नाही. आपल्याकडची गोम हीच आहे. बायका दात-ओठ खाऊन पडून राहतात, ‘सिस्टर कामात हायत’ म्हणून हाक मारत नाहीत. दुखणं शिगेला गेलं की मग ओरडतात, आणि तेव्हा दिलेलं औषध पुरत नाही. डायक्लोफेनॅकसारखी इंजेक्शनं चांगली असतात, पण बीपी, साखर आणि वय बघता आधी त्यांचं किडनीचं क्रिएटिनिन तपासलेलं असावं.

शिरेतून डेक्सामेथासोनचा एक डोस देण्याची पद्धत आहे. उलटी आणि दुखणं दोन्ही कमी होतं. स्टेरॉइड आहे, त्यामुळे पुढचा दिवसभर साखर चढेल. ते अपेक्षित असतं. साखर वरचेवर तपासतील, लागलं तर इन्सुलिन देतील, तुम्ही त्यावरून डॉक्टरांशी भांडू नका.

मणक्यात घालायची आणखी दोन-तीन औषधं आहेत. क्लोनिडिन मूळचं बीपीचं औषध, त्यामुळे ते बीपीही पाडतं आणि गुंगीही आणतं. डेक्समेडेटोमिडिन बधिरपणा खूप लांबवतं आणि हल्ली अनेकांचं आवडतं आहे, पण त्याला छापील परवानगी आहे ती शिरेतून गुंगी आणण्यासाठी. मणक्यात ते डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर वापरतात, त्यावर अभ्यासही पुष्कळ झालेत. नाडी मंद होते. नाडी आधीच मंद असलेल्या म्हाताऱ्या माणसात मी ते घालत नाही. दुसरे घालतात, त्यांचंही चुकतं असं नाही. केटामिन, मॅग्नेशियम वगैरे सासूबाईंना लागतील असं मला वाटत नाही.

राहिलं मॉर्फिन. खरं तर रात्र काढून देणारं औषध हेच. मणक्यात १०० ते १५० मायक्रोग्रॅम घातलं की अठरा ते चोवीस तास आराम मिळतो. खाज सुटते, मळमळतं, लघवी अडते, पण ते निभावता येतं. धोका एकच. ते मणक्याच्या पाण्यात हळूहळू वर सरकतं आणि बऱ्याच तासांनी, म्हणजे नेमकं रात्री सगळे झोपलेले असताना, श्वास मंद करू शकतं. म्हणून ते दिलं तर रात्रभर श्वास मोजायला माणूस हवा. एका नर्सकडे तीस खाटा असतील अशा वॉर्डात मी ते देणार नाही.

आता तुमचा ता. क.

झोपेत घोरणं, मध्येच श्वास बंद होणं, दचकून परत चालू होणं ही छान झोप नव्हे. घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, मेंदू घाबरून जाग आणतो, आणि हे रात्रभर चालतं. स्लीप ॲप्निया म्हणतात तो बहुधा हाच. अशा माणसाला झोपेची गोळी, वर मॉर्फिन आणि वर गुंगीचं इंजेक्शन मिळालं, तर दचकून जाग आणणारा मेंदूच झोपी जातो. तुमच्या घरी आठ थेंब फेंटानिलवर पंधरा दिवस चर्चा चाललीय आणि खरी धोक्याची अर्धी गोळी सासूबाईंच्या उशाखाली आहे.

ती गोळी आपल्या मनानं बंदही करू नका. वर्षानुवर्षं घेतलेली अल्प्राझोलामसारखी गोळी एकदम तोडली तर माणूस अस्वस्थ होतो, बरळतो, आणि मग ते बरळणं भुलीमुळे झालं असा सगळ्यांचा समज होतो. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, साखरेची, बीपीची, झोपेची, गावातल्या वैद्याचा काढा असेल तर तोही, आणि याच आठवड्यात भूलतज्ज्ञांकडे जा. ऑपरेशनच्या सकाळी सांगून उपयोग नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती कुठली हे फार महत्त्वाचं. ॲस्पिरिन बहुतेकदा चालतं. क्लोपिडोग्रेल मणक्यात सुई घालायची तर पाच ते सात दिवस आधी थांबवावं लागतं, पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. घोरण्याचं सांगताना हातवारे करण्यापेक्षा मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या. मी तरी असे व्हिडिओ मागून घेते. सासूबाई चिडतील, चिडू द्या.

याच कारणासाठी पूर्ण भुलीपेक्षा कमरेतली भूल मला त्यांच्यासाठी बरी वाटते. श्वासाच्या वाटेला हात लागत नाही आणि गुंगीची औषधं कमी लागतात. ‘मला काही ऐकू यायला नको’ असं त्या म्हणत असतील तर कानात हेडफोन घालून अभंग लावता येतात, त्याला कुठलाही डॉक्टर नाही म्हणणार नाही. हाडावर हातोडी चालते तो आवाज खरोखर ऐकवत नाही, सुताराच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं.

कंबर कायमची धरत नाही. आजची सुई बीअरच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक असते. टोचल्या जागी दोन-चार दिवस दुखतं. डोकेदुखी क्वचित होते, आणि उठून बसल्यावर वाढली, आडवं झाल्यावर थांबली तर डॉक्टरांना कळवायचं, तिच्यावर उपाय आहे. ६८ व्या वर्षी वाकडे गुडघे घेऊन चालणाऱ्या बाईची कंबर आधीच दुखत असते, शेजारी ते सुईच्या खात्यावर टाकतात.

एक अनुभव सांगते आणि थांबते. गुडघ्याचेच एक आजोबा होते, तालमीतले. पहाटे दवाखान्यात येताना रिक्षा गंगावेशीत थांबवून, सवयीप्रमाणे, धारोष्ण दुधाचा ग्लास रिकामा करून आले. वर मला म्हणाले, ‘दूध म्हंजी काय जेवान न्हवं.’ ऑपरेशन दुसऱ्या दिवशीवर गेलं. दूध पोटात जेवणासारखंच राहतं, त्याला सहा तास लागतात. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि हवंच, तोंड कोरडं पडलेला म्हातारा माणूस उपाशी ठेवण्यात काही पुण्य नाही. डायबिटीस असलेल्यांना वेळा थोड्या वेगळ्या सांगतील, त्या पाळा. साखरेची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही हेही विचारून घ्या.

आणि तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्या भागातल्या त्या वयाच्या बाई आहेत म्हणून विचारते: सासूबाई मिश्री लावतात का? लावत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो. आतापासून कमी करता आली तर करा. ऑपरेशनच्या आदल्या रात्री डबी तुमच्या पर्समध्ये असू दे. उशाखाली एक असते आणि पदराच्या गाठीत दुसरी, तीही बघा.